कोरा चहा आणि वेगळा पेला

चहा कसा असावा, याविषयी शनिवार पेठेत दोन मते संभवत नाहीत. पाणी, दूध, साखर आणि पूड एकत्र उकळावी, त्यात आले किंवा वेलदोडा पडावा आणि पितळी पातेल्यातून गाळलेला तो वाफाळता चहा समोर यावा. अमृततुल्याच्या बाकड्यावर अर्धे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाची चहाची व्याख्या इथेच संपते. त्यामुळे लंडनहून आलेल्या मैत्रिणीने दिलेला डबा सूनबाईंनी परवा उघडला आणि बिनदुधाचा, तांबूस, अत्तरासारखा वास येणारा कप माझ्यापुढे ठेवला, तेव्हा घोट घेण्यापूर्वीच मी निकाल देऊन टाकला, ‘हा चहा नव्हे!’

‘बाबा, आधी पिऊन तर बघा.’

प्यायलो. पहिल्या घोटाला अंगाचा साबण आठवला, दुसऱ्याला ईडलिंबाची साल. तिसऱ्या घोटाला मात्र चहाचा स्वतःचा तुरटपणा जिभेवर स्वच्छ उमटला. इतकी वर्षे तो दूध-साखरेखाली दडून बसला होता.

या चहाचे नाव अर्ल ग्रे. १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या गृहस्थांवरून ते पडले. दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियात बर्गमॉट नावाचे लिंबाच्या जातीचे फळ होते. त्याच्या सालीचे तेल काळ्या चहाला लावतात, एवढेच यातले गुपित. मग आपण आले, वेलदोडा, गवती चहा घालतो ते तरी काय करतो? वास आपणही लावतोच. फक्त आपला तो चहा आणि दुसऱ्याचे ते अत्तर!

आणि ज्या चहाची आम्ही अशी राखण करतो, तोही कधीकाळी या पुण्यात उपराच होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी पुढाकार घेऊन उपस्थितांची नावे छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. एका कपापायी एवढे रामायण! ही हकीकत सांगताना आपण हसतो. त्या सायंकाळी वाद चहाच्या चवीचा नव्हताच. तो कोणाच्या हातचा, कोणाच्या पंक्तीला, याचा होता. आपण मात्र तेवढ्यापेक्षा फार पुढे आलो, अशी आपली समजूत.

माझीही होती. पण त्या दिवशी सूनबाईंनी चार कप भरले होते. चौथा कप आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. त्यांचा पेला मोरीजवळच्या फळीवर निराळा असतो. आईच्या काळी तिथे कान तुटलेला कप असे, पुढे स्टीलचा पेला आला. तो तिथे ठेवावा असे कोणी बोलून दाखवले नाही आणि तिथून तो कोणी हलवलाही नाही. मावशींनी समोरच्या चिनीमातीच्या कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘थांबा, माझा पेला आणते.’

मी गप्प राहिलो. पंचहौदाच्या निमित्ताने निदान उघड वाद तरी झाला होता, दोन्ही बाजूंनी माणसे बोलली होती. आमच्या घरात ते काम एक फळी इतकी वर्षे मुकाट्याने करत होती आणि मी वाडवडिलांना हसत होतो.

‘असू द्या मावशी, बसा,’ सूनबाई म्हणाल्या. बोलायला हवे होते मी.

नव्या चवीसाठी जीभ तीन घोटांत वळते, हा अनुभव मी घेतला. हात मात्र सवयीने त्याच फळीकडे जातो. म्हणून जी पारख आपण पुडीतल्या पानांची करतो, ती कधीतरी आपल्या कपांच्या मांडणीचीही करावी, असे मला वाटते. तिथे चूक सापडली, तर ती सुधारायला ना काशीला जावे लागते, ना लंडनहून डबा मागवावा लागतो.

मावशींना तो चहा मुळीच आवडला नाही. ‘ह्यात जरा आलं घाला,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अस्सल पुणेरी मत! पेला आता बाकीच्या भांड्यांत आहे. परवा मीच त्यातून चहा घेतला. चटका बसला, पण चहा तोच होता.