त्या अठरा जणी काय म्हणाल्या?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. वर्षावासानिमित्त आमच्या रिसोडच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन आटोपून मी घरी आलो की शेजारच्या मोहल्ल्यातले एक निवृत्त उर्दू मास्तर ओट्यावर येऊन बसत. चहा होई, बाहेर पाऊस चालू असे आणि मास्तर आपल्या पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढीत. ते उर्दूत वाचत आणि मला समजेल अशा हिंदीत सांगत. पुस्तक होते जोश मलिहाबादी यांचे आत्मचरित्र, 'यादों की बरात'.

जोश म्हणजे उर्दूतले मोठे नाव. लखनौजवळच्या मलिहाबादच्या पठाण जहागीरदार घराण्यात जन्मलेला हा माणूस. इंग्रजांविरुद्ध अशी काही शायरी केली की लोक त्यांना 'शायर-ए-इन्किलाब' म्हणू लागले. आपल्या भागाशीही त्यांचा थोडा संबंध येतो. रिसोडहून दक्षिणेला गेले आणि पैनगंगा ओलांडली की पूर्वी निजामाचे राज्य लागायचे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर खात्यात जोश नोकरीला होते. तिथे निजामाची मर्जी खप्पा झाली आणि त्यांना राज्य सोडावे लागले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत 'आजकल' या सरकारी उर्दू मासिकाचे ते संपादक झाले. १९५४ साली पद्मभूषण मिळाले. पुढे ते पाकिस्तानात गेले आणि १९८२ साली इस्लामाबादेत वारले.

या आत्मचरित्रात जोश यांनी आपल्या अठरा प्रेमप्रकरणांचा हिशेब मांडला आहे. दारूचे सांगितले, घराण्याच्या ऐषारामाचे सांगितले, स्वतःच्या रागीटपणाचेही सांगितले. पुस्तक आले तेव्हा एकच गदारोळ झाला. काही म्हणाले, असा खरे बोलणारा माणूस उर्दूत झाला नाही. काही म्हणाले, यात खरे किती आणि रंगवलेले किती हे जोशच जाणे.

मास्तर रंगात येऊन सांगत होते आणि मीही रंगलो होतो. आतमध्ये आमची मंडळी तांदूळ निवडत बसली होती. ती एकाएकी म्हणाली, "मास्तरसाहेब, अठरा झाल्या म्हणता. मंग त्या अठरा जणी काय म्हनत होत्या, ते कोनी लिहिलं काय?"

मास्तर हसले. पुस्तक मिटून म्हणाले, "भाभी, ये तो किसी ने नहीं लिखा." त्या दिवशी वाचन तिथेच थांबले. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही.

आपण रोज पंचशील घेतो. तिसरे शील व्यभिचारापासून अलिप्त राहण्याचे आणि चौथे खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे. जोश यांच्यासारखा माणूस तिसरे मोडतो आणि मग पुस्तक लिहून चौथे पाळतो. त्याला आपण काय म्हणायचे? त्यातही खरे सांगताना तो शेखी मिरवत असेल, तर ते चौथे शील तरी पुरते पाळले गेले का? जहागीरदाराच्या पोराने अठरा प्रेमे सांगितली तर लोक त्याला रंगेल म्हणून दाद देतात. त्याच्या वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईने एक जरी सांगितले असते, तर तिला गावात राहू दिले असते का? प्रामाणिकपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

आपल्या घरातलीच पुस्तके घेऊ. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने काढले. महारवाड्याची भूक, मुंबईचा कावाखाना, हे तर त्यात आहेच. पण मला ते पुस्तक थोर वाटते ते आणखी एका कारणाने. दया पवारांनी आपल्या पहिल्या संसाराचे सांगताना स्वतःला सोडले नाही. सई या बायकोवर त्यांनी संशय घेतला आणि तो संसार मोडला. शिकलासवरला, कविता करणारा, चळवळीत वावरणारा माणूस घरात कसा वागला, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. पुस्तक आले तेव्हा आपल्यातलेच काही शिकलेले लोक रागावले. उकिरडा कशाला उकरता, आता कुठे आपण पांढरे कपडे घालू लागलो, असा त्यांचा सूर होता. त्यांचा राग मला समजतो. ज्याला जन्मभर हिणवले, त्याला आपले उणे चारचौघांत दाखवायची भीती वाटणारच. पण 'बलुतं'मध्ये शेखी नाही. जोश यांचे पुस्तक वाचताना लेखक आरशासमोर उभा राहून मिशीला पीळ देतो आहे असे वाटते. दया पवार आरशासमोर उभे राहिले ते मान खाली घालून.

तरीही आमच्या मंडळींचा प्रश्न उरतोच. सई काय म्हणाली? तेही आपल्याला नवऱ्याच्याच तोंडून कळते.

बायकोच्या तोंडून कळले ते १९८४ साली. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे पुस्तक तेव्हा आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने पेटली, त्या शाहीर अमर शेख यांची ही मुलगी. स्वतः कवयित्री. कोवळ्या वयात तिने नामदेव ढसाळांशी प्रेमविवाह केला. नामदेव म्हणजे 'गोलपिठा'चे कवी, १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे एक संस्थापक. आपल्या पिढीच्या पोरांना त्यांच्या नुसत्या नावाने अंगात वीज चमकायची. त्या माणसाच्या घरात पैशाची ओढाताण, दारू, मारहाण, आजारपण आणि एकटेपण कसे होते, ते मल्लिकाताईंनी लिहिले. प्रेम होते हेही लिहिले. स्वतःची चूक, स्वतःचा हट्ट, हेही लपवले नाही.

तेव्हा अनेकांना वाटले की ही बाई चळवळीला बट्टा लावते आहे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. मी पुस्तक न वाचताच बोललो होतो. पुढे वाचले तेव्हा लक्षात आले की तिने चळवळीबद्दल वाईट लिहिलेले नाही. चळवळीतल्या माणसाच्या घरी चूल कोण पेटवत होते, तेवढे तिने सांगितले. आणि एवढे सगळे जाहीर लिहूनही ती दोघे एकमेकांच्या आयुष्यातून गेली नाहीत. नामदेव २०१४ साली गेले. खऱ्या बोलण्याने नाते तुटतेच असे नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

पुढे २००३ साली उर्मिला पवार यांचे 'आयदान' आले. त्यांचाही प्रेमविवाह. बायको नोकरी करते, लिहिते याचे आधी कौतुक असलेल्या नवऱ्याला ती पुढे शिकू लागली की कसे खटकू लागते, ते त्यांनी अगदी साधेपणाने लिहिले आहे. आपल्या वस्तीतल्या किती शिक्षिकांना, नर्सबाईंना ते आपले वाटेल, ते मी सांगायला नको.

मास्तरांना मी हे सगळे सांगितले. ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, आमच्यातही असे एक पुस्तक आहे. कैफी आझमी यांच्या पत्नी शौकत कैफी यांचे 'याद की रहगुजर'. कैफी हे मदनपुऱ्याच्या कामगारांत काम करणारे कम्युनिस्ट शायर. हैदराबादच्या मुशायऱ्यात शौकतने त्यांना ऐकले आणि मन दिले. घरच्यांचा विरोध होता. तेव्हा शौकतचे वडील मुलीला मुंबईला घेऊन आले. हा माणूस कसा राहतो, काय खातो ते त्यांनी तिला दाखवले, आणि मगच १९४७ साली लग्न लावून दिले. पक्षाच्या कम्यूनमधली एक खोली, एवढाच संसार. पैसे पुरत नसत, म्हणून शौकतबाई नाटकात काम करू लागल्या. छोट्या शबानाला बरोबर घेऊन त्या पृथ्वी थिएटरच्या तालमीला जात. त्या बापाचे मला फार कौतुक वाटते. त्याने मुलीला कोंडले नाही, धमकावले नाही. त्याने तिला खरे काय ते डोळ्यांनी पाहू दिले. आपल्याकडे मुलगी किंवा मुलगा आपल्या पसंतीचे लग्न करू म्हणतो, तेव्हा किती आईबाप एवढे करतात?

भगवंतांनी राहुलाला केलेला उपदेश आपण ऐकतो. राहुल तेव्हा लहान होता. भगवंतांनी भांड्यातले उरलेले थोडेसे पाणी त्याला दाखवले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व तेवढेच उरते, असे समजावले. मग आरशाचे उदाहरण दिले. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे की याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का. चूक झाली असेल तर ती जाणत्यांसमोर उघड करावी आणि पुढे तसे करू नये. आत्मचरित्र वाचायला मला हीच कसोटी बरी वाटते. लेखकाने काय केले ते तर सांगितलेच पाहिजे. पण ज्याला दुःख झाले त्याच्याकडे त्याने पाहिले का, हे आपण पाहावे.

या बाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १९२८ साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी आपल्या घराविषयी लिहिले. आपण परदेशी असताना प्रपंचाचा भार रमाईने वाहिला, परत आल्यावरही ओढगस्तीत तिने डोक्यावरून शेणाच्या पाट्या आणल्या, आणि अशा पत्नीला चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही, अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. रमाई तेव्हा हयात होत्या. त्या १९३५ साली गेल्या आणि पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रेम सांगायला त्यांनी शायरी केली नाही. तिचे कष्ट मोजून सांगितले आणि आपले उणे सांगितले.

आता माझे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा चालला. त्यातल्या एका मोर्चाला मी गेलो, तेव्हा आमचा थोरला तापाने फणफणला होता आणि घरात दोन दिवसांपुरती ज्वारी होती. गेली तीस वर्षे मी भाषणात सांगत आलो आहे की बायकोने मला हसत निरोप दिला. टाळ्या पडतात. त्या पावसाळ्यात मी धीर करून तिला विचारले, तुला तो दिवस आठवतो का?

ती म्हणाली, "मी कुठं हासत होती? तुमी गेल्यावर पोराले पाठीशी बांधून निंदनाले गेली. बाईनं अर्धी मजुरी देल्ली, काहून की पोरगं रडे अन् माहं काम मांगं पडे."

हे मला तीस वर्षांत माहीत नव्हते. कारण मी विचारलेच नव्हते. मोर्चाला गेलो याचा मला आजही पश्चात्ताप नाही, आणि तिलाही नाही. ती म्हणते, जायलाच पाहिजे होते. पण ते हसणे मी माझ्या भाषणासाठी तिच्या तोंडावर चिकटवले होते. यंदाच्या भीमजयंतीला मी आमच्या वस्तीत बोललो तेव्हा ती गोष्ट जशी घडली तशी सांगितली. टाळ्या कमी पडल्या. पण मागे बसलेल्या बायकांत कुजबुज झाली आणि कार्यक्रम संपल्यावर दोघीतिघी आमच्या मंडळींजवळ येऊन बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण पुस्तक लिहिणार नाहीत. पण प्रत्येक घरात एक आत्मचरित्र तोंडी चालू असते. ते मुलांना सांगितले जाते, पाहुण्यांना सांगितले जाते, आणि बहुधा एकच माणूस सांगत असतो. एखाद्या संध्याकाळी ते दुसऱ्याला सांगू द्या, आणि मध्ये बोलू नका.

हा लेख छापायला देण्याआधी मी घरी वाचून दाखवला. एक वाक्य तिने काढायला लावले. ते काढले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!