फास्टर फेणे लेकरांना कुठं भेटावा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, घरातल्या नाहीतर वर्गातल्या लेकरांना एकदा विचारून बघा, 'फास्टर फेणे कोण?' आमच्या शाळेत विचारलं तर चार-पाच हात वर येतात, पण उत्तर एकच : अमेय वाघ. २०१७ चा चित्रपट कुणीतरी टीव्हीवर बघितलेला असतो. माझ्यापेक्षा मोठ्या सहकाऱ्यांना दूरदर्शनवरची मालिका आणि त्यातला सुमीत राघवन आठवतो. भा. रा. भागवत हे नाव मात्र लेकरांच्या तोंडून येत नाही.

येऊ नये का? मला वाटतं यायला पाहिजे, आणि ते फक्त आदरापोटी नाही.

भागवतांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. ते निव्वळ पुस्तकं लिहिणारे लेखक नव्हते. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' नावाचं मासिक सुरू केलं. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. मासिक पाच-सहा वर्षांत बंद पडलं. लेकरांचं मासिक चालवणं तेव्हाही सोपं नव्हतं! पण मासिकवाल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : या महिन्याची गोष्ट आवडली नाही तर पुढचा अंक कुणी उघडणार नाही. पाठ्यपुस्तकाला ही भीती नसते, कारण ते परीक्षेसाठी उघडावंच लागतं. भागवतांच्या गोष्टींचा वेग मला तरी या मासिकाच्या सवयीतून आलेला वाटतो. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला तोही त्याच वेगानं. शेवटी तात्पर्य चिकटवत बसले नाहीत.

आता चित्रपटाबद्दल. चित्रपट मलाही आवडला, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे आणि प्रकरण आहे वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याचं. पुस्तकातला बनेश फेणे शाळकरी पोरगा आहे. सायकल दामटणारा, 'ट्टॉक्' करणारा, मोठ्यांच्या आधी संकटात उडी घेणारा. शिवाय तो फुरसुंगीचा, म्हणजे खेड्यातला, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात आलेला. आपण शहरी म्हणून बाजूला ठेवतो तो हा मुलगा मुळात आपल्या लेकरांसारखाच गावाकडचा! चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, फुरसुंगीला एसटी जाती का?" तिला त्याचं गाव खरं वाटलं होतं. पडद्यावरचा तरुण फेणे बघून हा प्रश्न पडत नाही, कारण तिथं हिरो आपल्या वयाचा राहिलेलाच नसतो.

पालक म्हणतात, "गोष्टींची पुस्तकं कशाला, गाईड सांगा." काही शिक्षकही अवांतर वाचनाच्या तासाला गणिताची उजळणी घेतात. दोघांची अडचण मला कळते. निकालाचं दडपण सगळ्यांवर आहे. पण ज्या लेकराला चार ओळींचा उतारा वाचून उत्तर सापडत नाही, त्याला उजळणीनं उतारे वाचता येत नाहीत. पुढं काय झालं याची ओढ लागली की ते चाळीस पानं न सांगता वाचतं. हे मी दरवर्षी बघतो.

आमच्या जिल्ह्यात मानवत काय नि पालम काय, बालपुस्तकांचं दुकान शोधावं लागतं, ही खरी अडचण. म्हणून मासिक. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. जो मोबाईल लेकरू रील बघायला मागतं, त्यावरच महिन्याला एक अंक उघडून द्या. फास्टर फेणेची पुस्तकंही नव्यानं छापलेली मिळतात. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मागवाल तेव्हा यादीत दोन-तीन टाका. आधी चित्रपट दाखवून मग पुस्तक दिलं तरी हरकत नाही. फक्त वाचून झाल्याबरोबर 'या गोष्टीतून काय शिकलास?' असं विचारू नका.

आणि हो, पान फाटलं म्हणून रागावू नका. चिकटपट्टीचा खर्च सादिलमध्ये बसतो.