काचेची वाट आणि बंद झालेली फेलोशिप

एका फायबरमधला प्रकाश 32 घरांत वाटणारी इंटरनेटची चिप आपण कधी पाहत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर शुद्ध काचेचा थर, त्यावर जर्मेनियम मिसळलेल्या काचेची केसाहून बारीक वाट, वरून पुन्हा काच. मधल्या काचेचा अपवर्तनांक किंचित जास्त, म्हणून प्रकाश वाटेतच राहतो.

अपवर्तनाचा नियम इब्न सहल यांनी 984च्या सुमारास बगदादमध्ये मांडला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण आज? 2021मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी 76 हजार कोटी जाहीर केले. पुढच्याच वर्षी अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली! प्रयोगशाळेत आपली मुलं पोहोचणार कशी? फेलोशिप परत मागूया; तोवर गरजू संशोधकांसाठी जकातीतला वाटाही काढूया.