थेंब मोजून द्या, टॉनिक मागू नका

महाड तालुक्यातल्या दासगाव आणि आसपासच्या वाड्यांवर लहान मुलाच्या आईला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सासूबाईंकडून, शेजारणीकडून आणि मेडिकलच्या काउंटरवरून येतो : ‘पोर अंग धरत नाही, एखादी टॉनिकची बाटली चालू कर. व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होतंय?’ दुसरा मोबाइलवरून येतो : ‘सगळी सिरपं विषारी आहेत. पोराला थेंबही देऊ नका, अंगणवाडीतला डोससुद्धा नको.’ एक पक्ष डोळे मिटून विश्वास ठेवतो, दुसरा डोळे मिटून नाकारतो. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत, कारण दोघांच्याही सल्ल्याची किंमत शेवटी मुलाला मोजावी लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : पातळ जीवनसत्त्वे लहान मुलांना सुरक्षित आहेत, पण ती कोणती, किती, कशाने मोजून आणि कशासाठी द्यायची हे ठरलेले असेल तरच. हे ठरलेले नसेल, तर तीच बाटली घातक होऊ शकते. आता पहिल्या पक्षाचे एकेक म्हणणे तपासू.

पहिले म्हणणे : ‘जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते.’ हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे आणि ‘क’ पाण्यात विरघळतात. त्यांचा जादा भाग बराचसा बाहेर पडतो. ‘अ’ आणि ‘ड’ मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. ‘ड’ दिवसामागून दिवस जास्त जात राहिले की रक्तातले कॅल्शियम वाढते. बाळाला उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, लघवी वारंवार होते, वजन घटते आणि पुढे मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. आता हिशेब पाहा. वर्षाच्या आतल्या बाळाला ‘ड’ जीवनसत्त्व रोज ४०० युनिट लागते. मोठ्या माणसांच्या सांधेदुखीसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५ मिलीच्या छोट्या बाटलीत ६०,००० युनिट असतात, म्हणजे बाळाचे १५० दिवसांचे माप. मुडदूस झालेल्या मुलाला डॉक्टर कधी कधी मोठा डोस देतात, पण तो तपासून, ठरवून आणि पुढे लक्ष ठेवून. आजीची उरलेली बाटली ‘हाडं बळकट होतील’ म्हणून नातवाला पाजणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती धोक्याची आहे.

दुसरे म्हणणे : ‘कंपनीने चमचा दिलाय, त्याने दिले की झाले.’ बाटली हातात घेऊन तिचे लेबल नीट वाचा. सिरपवर ‘प्रत्येक ५ मिली मध्ये’ असे लिहिलेले असते, तर थेंबांच्या बाटलीवर ‘प्रत्येक १ मिली मध्ये’, कधी ‘प्रत्येक ०.५ मिली मध्ये’. थेंबांतले औषध दाट असते, म्हणून त्याच्यासोबत रेघा मारलेला ड्रॉपर येतो. तो ड्रॉपर हरवला आणि आईने घरातला चहाचा चमचा घेतला, तर मुलाच्या पोटात ठरलेल्या मापाच्या पाचपट औषध जाऊ शकते. ‘ड’चे थेंबही सगळे सारखे नसतात. एका बाटलीत मिलीला ४०० युनिट असतात, दुसरीत ८००. बाटली बदलली की मापही बदलते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली नेमका हाच इशारा दिला होता : काही ड्रॉपरमध्ये बाळाच्या मापापेक्षा कितीतरी जास्त ‘ड’ मावते, तेव्हा सांभाळा.

मापाची चूक किती महागात पडू शकते हे आपल्याच देशात आसामने पाहिले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाची मोहीम झाली. नेहमीच्या २ मिलीच्या चमच्याऐवजी ५ मिलीचा कप हातात आला. शेकडो मुले आजारी पडली, काही दगावली. मृत्यूंचे नेमके कारण काय यावर तज्ज्ञांत वाद झाला, पण कप बदलायला नको होता यावर वाद व्हायचे कारण नाही. फ्रान्समध्ये डिसेंबर २०१६ मध्ये ‘ड’चे थेंब पाजताना एक नवजात बाळ गेले आणि पुढच्याच महिन्यात त्या औषधाची विक्री थांबवण्यात आली. तिथे दोष जीवनसत्त्वाचा नव्हता, ते नळीने तोंडात सोडण्याच्या पद्धतीचा होता. म्हणून बाळाला आडवे निजवून घशात पिचकारी मारायची नाही. मांडीवर उठते धरून गालाच्या आतल्या बाजूला सावकाश एकेक थेंब सोडायचा.

तिसरे म्हणणे : ‘टॉनिकने भूक लागते, पोर अंग धरते.’ वजन वाढते ते अन्नातल्या उष्मांकांनी आणि प्रथिनांनी, आणि जीवनसत्त्वांत उष्मांक नसतात. टॉनिकात चव आणणारी साखर असते. तिने भूक मरते आणि दात किडतात. ‘भूक लागायचे औषध’ म्हणून जे मागितले जाते, त्यातल्या बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असते. ते मुळात ॲलर्जीवरचे औषध आहे. त्याने गुंगी येते आणि दोन वर्षांखालच्या मुलाला ते द्यायचे नसते. पोर टॉनिक घेऊन शांत झोपते याचे आईला बरे वाटते, पण त्या झोपेचे कारण पोषण नव्हे. मूल खरेच अंग धरत नसेल, तर जंत, क्षयरोग, वारंवारचे जुलाब किंवा अपुरे अन्न यांचा शोध घ्यायला हवा. टॉनिकची बाटली तो शोध दोन महिने पुढे ढकलते आणि लहान मुलाच्या वाढीत दोन महिने फार असतात.

चौथे म्हणणे : ‘मग आपली बाळगुटी बरी, ती तरी नैसर्गिक आहे.’ हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळणाऱ्या आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या वेढ्यांमधून किती उतरले ते मोजता येत नाही, सहाण आणि पाणी स्वच्छ असेलच असे नाही आणि गुटीत मध घातला तर वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमची बाधा होऊ शकते. वस्तू झाडाची असो वा कारखान्यातली, मोजमाप नसेल तर धोका तोच.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्यामागचा हलगर्जीपणा आणि लागेबांधे चव्हाट्यावर आणले. तेच विष २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांपर्यंत भारतात बनलेल्या सिरपांतून गेले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. इतके झाल्यावर आई-बाप घाबरले तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही त्या भीतीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दोष होता तो सिरप पातळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोड विद्रावकात. औद्योगिक दर्जाचा स्वस्त माल औषधात घुसला आणि तो कोणी तपासला नाही. त्यावरचा उपाय प्रत्येक खेपेची तपासणी, दोषींना शिक्षा आणि गरज नसलेली सिरपे न घेणे हा आहे. मूल रोज पीत असलेल्या पाच अनावश्यक सिरपांतली पाचही बंद केली, तर धोका तेवढा कमी झाला. पण जे लागतेच ते बंद केल्याने दुसरा धोका दारात येतो. अंगणवाडीतल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसाचा पाया तेलाचा असतो. तो नाकारून छिंदवाड्याचे विष टळत नाही, बालकाच्या डोळ्यांचे संरक्षण मात्र जाते.

गरज खरी आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. म्हणजे पाचव्या फेरीत तीन मुलांमागे दोन. ही मुले दंगा करत नाहीत, लवकर थकतात, शिकलेले ध्यानात ठेवायला त्यांना जड जाते आणि घरात त्यांना ‘गरीब स्वभावाचे पोर’ म्हणतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्टही तशीच. आईच्या दुधात सगळे असते, पण ‘ड’ फार थोडे असते. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सूर्य ढगांआड असतो. जूनमध्ये जन्मलेले बाळ कुंचीत गुंडाळून ऑक्टोबरपर्यंत घरातच वाढते. ‘आपल्याकडे ऊन भरपूर, मग थेंब कशाला?’ हा प्रश्न निदान त्या बाळाच्या बाबतीत तरी लागू होत नाही.

तेव्हा माझा पक्ष हा. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला पातळ रूपात तीनच गोष्टी ठरवून लागतात. पहिली ‘ड’ : जन्मापासून वर्षापर्यंत रोज ४०० युनिट, ही भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. सहा महिने निव्वळ स्तनपान म्हणजे हे थेंबही नकोत असा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जीवनसत्त्वाचे आणि औषधाचे थेंब चालतात. दुसरी ‘अ’ : नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीबरोबर १ मिली, म्हणजे १ लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास २ मिली, म्हणजे २ लाख, आणि पुढे दर सहा महिन्यांनी तेवढेच, पाच वर्षांपर्यंत. एकूण नऊ डोस. हे आकडे मोठे वाटतात, पण यकृत ते साठवून सहा महिने पुरवते आणि म्हणूनच दोन डोसांमधले अंतर पाळायचे. क्वचित एखाद्या मुलाला उलटी होते किंवा टाळू फुगल्यासारखी दिसते. ते बहुधा दिवस-दोन दिवसांत उतरते. डोस कार्डावर नोंदवून घ्या आणि ‘अ’ असलेले दुसरे टॉनिक किंवा कॉड लिव्हर ऑइल स्वतःहून जोडू नका.

तिसरी गोष्ट लोह. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप मिळते. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ५० मिलीची ही बाटली साधारण सहा महिने पुरते. तिच्या तोंडाला एका वेळी १ मिलीच सोडणारी खास व्यवस्था केलेली असते. ती काढून टाकू नका, कारण पूर्ण बाटलीत १,००० मिलिग्रॅम लोह असते आणि दहा किलोच्या मुलाने ती गोड म्हणून संपवली तर जिवावर बेतते. लोहाची विषबाधा फसवीही असते : उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटते आणि त्यानंतर एकदम ढासळते. असे घडले तर बरे वाटण्याची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि बाटली सोबत घेऊन महाड गाठायचे. मूल आजारी असेल, अतितीव्र कुपोषित असेल किंवा थॅलेसेमियाचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह द्यायचे नाही. शी काळी होते, त्याला घाबरायचे नाही.

लोह अंगी लागायचे तर सकाळचा चहा-बटर बंद करायला हवा. दीड वर्षाच्या पोराला चहात बुडवलेला बटर भरवला की अन्नातले लोह चहातल्या द्रव्यांत अडकते. त्याऐवजी नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, भाजून कुटलेला जवळा, शेवग्याचा पाला, पावसात टाकळ्याची भाजी, वर लिंबाचे चार थेंब आणि हंगामात आंबा-पपई. हे सगळे दासगावच्या परसात, सावित्रीच्या खाडीत आणि महाडच्या बाजारात मिळते. टॉनिकची एक बाटली येते तेवढ्या पैशांत आठवडाभराची अंडी येतात आणि अंड्यांत जे असते ते कोणत्याही बाटलीत नसते.

आता मागणी. याच दासगावचे आर. बी. मोरे १९२७ च्या महाड परिषदेच्या आयोजकांत होते. सार्वजनिक पाणी हा सर्वांचा हक्क आहे असे या तालुक्याने देशाला ठणकावून सांगितले. सार्वजनिक औषधही तसाच हक्क आहे. लोहाचे सिरप संपले असेल तर दासगावच्या आरोग्य केंद्रात विचारा, ग्रामसभेत विचारा, ‘बाहेरून घ्या’ हे उत्तर मुकाट्याने घेऊ नका. खेपेची तपासणी झाली का हेही विचारा. आणि सरकारने ‘ड’चे थेंब प्रत्येक नवजात बाळाला मोफत द्यावेत, म्हणजे गरीब आईला मेडिकलच्या काउंटरवर अंदाजाने बाटली निवडावी लागणार नाही.

आयांनो आणि आज्यांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली काढा. मुदत संपलेली, पुरात भिजलेली, माप हरवलेली आणि कशासाठी आणली ते आठवत नसलेली बाटली टाकून द्या. उरलेल्या आशाताईंना दाखवा, मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा आणि मुलाच्या कार्डावर पुढच्या डोसाची तारीख पाहा. त्या तारखेला मूल अंगणवाडीत हजर असलेच पाहिजे.