परसबागेचा बंदोबस्त आणि गिंडीचा कोल्हा

एका अंगाला राज्यपालांचे निवासस्थान, दुसऱ्या अंगाला तंत्रविद्येची विख्यात संस्था आणि सभोवार अहोरात्र वाहणारे रस्ते, अशा कोंडीत सुमारे 270 हेक्टरांचे एक अरण्य ज्या नगरात अद्याप तग धरून आहे, त्या चेन्नईत एखाद्या गृहस्थाने आपल्या परसबागेत कोल्हा शिरू नये म्हणून काय करावे असे विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेणे उचित नव्हे. बाग ही त्याची मालमत्ता आहे आणि खुराड्यातील कोंबड्यांचा व वेलीवरील काकड्यांचा बंदोबस्त करण्याचा त्याचा अधिकार निर्विवाद आहे. मात्र या बंदोबस्ताचा आरंभ त्या जनावरापासून न होता आपल्या घरच्या उकिरड्यापासून झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिंडीच्या या अरण्याची जागा मद्रास सरकारने 1821 मध्ये 35,000 रुपयांस विकत घेतली, 1910 मध्ये तेथील 505 हेक्टरांचे क्षेत्र राखीव वन म्हणून सरकारदप्तरी दाखल झाले, आणि पुढे शिक्षणसंस्थांसाठी, गांधी, राजाजी व कामराज यांच्या स्मारकांसाठी एकेक तुकडा देत देत जे उरले त्याला 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हा इतिहास पाहिल्यावर अड्यार-वेळच्चेरीच्या बाजूस भिंतीवरून डोकावणाऱ्या प्राण्याला आगंतुक म्हणण्यास माझी तरी जीभ रेटत नाही. चितळ तर त्या तंत्रविद्येच्या संस्थेच्या आवारात घरांपुढील हिरवळीवर चरतात आणि माकडे स्वयंपाकघरापर्यंत येतात. त्या मानाने कोल्हा अत्यंत संकोची. माणसाची चाहूल लागताच झुडपात नाहीसा होणारा.

कोल्हा म्हटले की काहींना खोकड आठवेल, पण ते मोकळ्या माळरानाचे जनावर. येथे आढळतो तो सोनेरी कोल्हा. उंदीर, घुशी, ससे, चितळाची पाडसे, मेलेले जनावर आणि झाडाखाली पडलेली बोरे-जांभळे, यांपैकी त्याला काहीही वर्ज्य नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आपल्या शेतकऱ्यांनी उगीच रूढ केली नाही. वाटेवरच्या एखाद्या उंचवट्यावर तो विष्ठा टाकतो. ती वाळल्यावर काडीने उकलून पाहिली, तर उंदराच्या करड्या केसांच्या गुंतवळ्यात बोरांच्या आठळ्या सापडतात. चेन्नईच्या गटारांत माजलेल्या घुशींचा जो मुकाट्याने समाचार घेतो, त्याला शत्रू ठरविण्यापूर्वी बागाइतदाराने थोडा विचार करावा.

उपाय कठीण नाहीत. खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवावे. खताच्या खड्ड्यात मासळी-मटणाचे अवशेष टाकू नयेत. पडलेली फळे तिन्हीसांजेपूर्वी वेचावीत. कुत्र्या-मांजरांचे अन्न रात्री अंगणात उघडे ठेवू नये. खुराड्याला तारेची बळकट जाळी असावी आणि ती जमिनीशी संपू नये, हे विशेष महत्त्वाचे. कोल्हा नेहमी जाळीच्या अगदी मुळाशी उकरू लागतो. म्हणून जाळी फूटभर खोल गाडून तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूस काटकोनात वळवावे, म्हणजे तो कितीही उकरो, त्याच्या पंजाला तारच लागते, आणि मागे सरून दूरवरून भुयार काढण्याची युक्ती त्याला सहसा सुचत नाही.

फासा, विष आणि सापळा हे मार्ग मात्र सर्वस्वी त्याज्य होत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये तो गुन्हा आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने तर कोल्ह्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले आहे. तरीही कोल्ह्याचे शिंग म्हणून ‘नरिकोंबु’ नावाचे ताईत विकण्याचा व्यवहार या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि सेलम जिल्ह्यातील काही गावांत पोंगलच्या सुमारास खोकड पकडून मिरविण्याची प्रथा वनखात्याच्या दंडालाही पुरून उरली. सकाळी उठल्याबरोबर कोल्ह्या-खोकडाचे तोंड दिसणे ज्या तमिळ समाजाने भाग्याचे मानले, त्यानेच त्या भाग्यासाठी त्याच्या गळ्यात दोर बांधावा, याचे मला मनस्वी दुःख होते.

कोल्ह्याच्या भीतीचे खरे कारण एकच आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मुंबईत 2024 मध्ये ट्रॉम्बे-चेंबूरच्या बाजूस कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे आढळले. तेथेही कांदळवन आणि वस्ती यांच्यामध्ये कचऱ्याचे ढीग, त्या ढिगांवर पोसलेली मोकाट कुत्री आणि त्याच ढिगांकडे रात्री येणारे कोल्हे, असा मेळ जमलेला आहे. रेबीज असो वा डिस्टेंपर, रोगाला कुत्र्याकडून कोल्ह्याकडे जाण्यास याहून सोयीची वाट नाही. जनावर चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी, हे प्रत्येक घरात ठाऊक असलेच पाहिजे. परंतु ही वाट बुजविणे एकट्या गृहस्थाच्या हातचे नाही. गिंडीच्या भिंतीलगतच्या वस्त्यांतील कचरा दररोज दिवस मावळण्यापूर्वी उचलला जावा आणि त्या परिसरातील एकूणएक कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचली जावी, एवढी तजवीज चेन्नई महापालिकेने वनखात्याच्या सहकार्याने येत्या पावसाळ्यापूर्वी करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.