डॉक्टरांच्या शेजारी एक माणूस बसवा

सेलूत माझं औषधाचं दुकान आहे. ऊसतोडीहून परतलेली माणसं कॅरीबॅगमधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढतात. घामानं शाई पसरलेली, गोळीचं नाव लागत नाही, लिहिणारे डॉक्टर परगावचे. शुगरचं औषध तिथंच तुटतं. परभणीला, संभाजीनगरला गेलं की त्याच तपासण्या पुन्हा पैसे देऊन कराव्या लागतात.

हे टळावं, उपचाराच्या नोंदी कुठल्याही दवाखान्यात बघता याव्यात म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक पुष्कळांनी काढला. पण त्या क्रमांकावर उपचाराची नोंदच चढली नसेल, तर त्याचा उपयोग काय?

यात डॉक्टरांना दोष देणं मला पटत नाही. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत माणसं बसलेली असतात. तेव्हा इंग्रजी रकाने भरत बसायचं, की रुग्णाची नाडी बघायची? म्हणून टायपिंगसाठी शेजारी शिकवलेला माणूस हवा, डी.फार्म. झालेली कितीतरी पोरं गावात कामाच्या शोधात आहेत. वीज-नेट गेलं तरी चालणारं सॉफ्टवेअर हवं. सुरुवात फक्त शुगर-बीपीच्या रुग्णांपासून करावी. आणि संमतीशिवाय नोंद दुसऱ्या दवाखान्याला दिसत नाही, हे मराठीत समजावून सांगावं. आजाराची बातमी गावभर होईल ही बायकांची भीती खरी आहे.

केंद्राची डिजिटल नोंदींसाठीची प्रोत्साहन योजना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. ती चालू असेल, तर तालुक्यातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन तिच्यासाठी अर्ज करावा. मिळणाऱ्या पैशातून पहिला पगार या नोंद करणाऱ्या पोरांचा काढावा.