निकाल डिसेंबरचा, राज्यघटना जानेवारीची

डिसेंबर १९४९ मध्ये हैदराबाद हायकोर्टाने तेलंगण लढ्यातील काही कैद्यांची अपिले फेटाळली. शिक्षा फाशीची होती. दीड महिन्याने राज्यघटना लागू झाली आणि निजामी राज्यातले शेवटचे अपिलाचे ठिकाण, तिथली ज्युडिशियल कमिटी, संपले. तिच्यापुढे पडून असलेली अपिले कलम ३७४(४) ने सुप्रीम कोर्टाकडे आली. पण ज्यांचे अपील त्या दिवशी तिथे दाखलच नव्हते, त्यांचे काय? जनार्दन रेड्डी खटल्यात १४ डिसेंबर १९५० रोजी उत्तर मिळाले: निकाल घटनेपूर्वीचा, भारताच्या हद्दीबाहेरच्या कोर्टाचा, कलम १३६ मागे जाऊन लागू होणार नाही. जुने दार बंद झाले होते आणि नवे यांच्यासाठी उघडत नव्हते. मराठवाडा त्याच राज्यात होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

पुढे १९५७ मध्ये गरिकापाटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने दिलासा दिला. फेडरल कोर्टात अपिलाला दाव्याची किंमत दहा हजार पुरत असे, घटनेने ती वीस हजार केली. दावा १९४९ चा, किंमत मधलीच. कोर्ट म्हणाले, अपिलाचा हक्क दावा दाखल होतो त्या दिवशीच मिळतो. नवा कायदा स्पष्टपणे काढून घेत नाही तोवर तो टिकतो. मुदतीचे मात्र तसे नाही. ती कार्यपद्धतीचा भाग मानली जाते आणि सहसा नवीच लागते.

आज हे सांगण्याचे कारण वक्फ. एप्रिल २०२५ पर्यंत वक्फ न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील नव्हते. हायकोर्ट कागदपत्रे मागवून तपासू शके, आणि त्या कलमात दिवस मोजलेले नव्हते. आता हायकोर्टात रीतसर अपील आहे, पण आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत. दुसरा बदल जास्त जड आहे. कलम १०७ मुळे वक्फ जमिनीच्या ताब्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागत नसे, आता लागतो. आमच्या मते हा अन्याय आहे. पण १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टाने या बदलाला स्थगिती दिलेली नाही. म्हणजे कब्रस्तानच्या कडेला कुणी भिंत घातली, तर बारा वर्षांचा हिशेब सुरू होतो.

अनेक गावांत मुतवल्ली वयस्कर आहेत. उर्दू वाचतात, पण आदेश इंग्रजीत किंवा मराठीत येतो आणि मशिदीच्या कपाटात जातो. (कपाटाची किल्ली कुणाकडे, हा वेगळा वाद.) या जुम्याला नमाजनंतर ते कपाट उघडायला सांगा. प्रत्येक आदेशावर तो मिळाल्याची तारीख आणि मूळ दावा दाखल झाल्याची तारीख लिहा, आणि दोन्ही घेऊन वकिलाकडे जा.